एक तरी असमाधानी पर्यटक

दिनकरराव : लिहा, अतिशय समाधानी.

बन्सीधर : काका, मी अजून प्रश्नच विचारला नाही.

दिनकरराव : प्रश्न कोणता बी असू द्या. आपलं उत्तर एकच हाय. पुढचा विचारा.

बन्सीधर : असं चालत नाही हो. हे संशोधन आहे. आधी मी प्रश्न वाचणार, मग पाच उत्तरं वाचणार, मग तुम्ही त्यातलं एक निवडायचं. अतिशय समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, अतिशय असमाधानी.

दिनकरराव : त्यातलं पयलंच निवडलं की मी.

नर्मदाबाई : आवं, बाहेर कोण आलंय? बियाण्याचा माणूस हाय का?

दिनकरराव : न्हाई गं. पूर्णेचे हायत, बन्सीधर म्हणून. वडील रेल्वेत हायत. हे इद्यापीठात शिकायलेत. आपून गेल्या साली समुद्रावर गेलतो न्हाई का, त्याची चौकशी करायला आलेत.

नर्मदाबाई : अगं बाई, पोलिसाकडून?

बन्सीधर : नाही हो मावशी! मी पीएचडी करतोय. माझा विषय आहे, सागरकिनारी निवासी पर्यटनस्थळांचे व्यवस्थापन आणि पर्यटकांचे समाधान.

दिनकरराव : ऐकलंस का आतून? आपल्याला समाधान हाय का न्हाई, त्याची चौकशी हाय.

नर्मदाबाई : लगीन झाल्यापासून पयल्यांदाच कोणी केली म्हणायची.

दिनकरराव : तू तुझं काम कर. मास्तर, मला एक सांगा. अभ्यास सागराचा, अन् तुमी परभणी जिल्ह्यात कामून हिंडायलाव? इथं दुधना नदी बी उन्हाळ्यात आटती.

बन्सीधर : आमच्या सरांची कल्पना. ते म्हणाले, माणूस समुद्रावर असतो तेव्हा मजेत असतो, काहीही विचारा, छान म्हणतो. घरी येऊन कपडे धुवून वाळत घातले की मग खरं बोलतो. म्हणून गावोगाव जाऊन विचारायचं. शिवाय विषय नोंदवायलाच दोन वर्षं गेली. आज बंद, उद्या मोर्चा, परवा विद्यापीठाच्या दारात पोलीस.

दिनकरराव : हां, ते नामांतराचं. चालूच हाय म्हणा.

बन्सीधर : चालूच आहे. म्हटलं, तोवर आपल्या जिल्ह्यातले पर्यटक तरी गाठावेत. पूर्णेत रेल्वेवाल्यांना पास असतो, फिरून आलेली माणसं पुष्कळ. झाडून सगळ्यांना विचारलं. सगळे अतिशय समाधानी.

दिनकरराव : मग झालं की काम.

बन्सीधर : तिथंच तर अडलं. सर म्हणाले, बन्सीधर, आपल्याकडं माणूस लग्नाच्या पंगतीतून उठतानासुद्धा वरणाला नाव ठेवतो, आणि समुद्रावर गेलेले एकजात समाधानी? मला एक तरी असमाधानी पर्यटक आणून दाखव. नाहीतर हा प्रबंध मी पुढं पाठवत नाही.

दिनकरराव : अन् त्यासाठी तुमी माझ्या दारी आलाव?

बन्सीधर : परभणीला बियाण्याच्या कंपनीत सुग्रीवराव आहेत ना, तुमची सहल ज्यांनी नेली, त्यांच्याकडं गेलो होतो. ते म्हणाले, असमाधानी माणूस पाहिजे? दुसरीकडं कुठं हिंडू नको. सरळ झरीला जा अन् दिनकररावांना गाठ. त्यांनी रिसॉर्टच्या मॅनेजरला घाम फोडला होता.

दिनकरराव : साफ झूट. अन् हे बघा, जरा दमानं बोला. समोरच्या ओट्यावर धोतर झटकायलाय तो आबासाहेब. कंपनीच्या कापसाच्या स्पर्धेत मी पयला आलो अन् तो दुसरा. मला कंपनीनं बायकोसकट समुद्रावर नेलं अन् त्याला दिला टॉवेल. आता मी तिथं शिकायत केली हे त्याला कळलं, तर ताडकळसच्या बाजारापर्यंत सांगत जाईल. अतिशय समाधानी, मास्तर! असा बंदोबस्त राजाला बी मिळायचा न्हाई! हां. ऐकलं त्यानं. आता विचारा हळू.

बन्सीधर : प्रश्न पहिला. आगमनानंतर पर्यटकाचे स्वागत.

दिनकरराव : शाही. बशीतून पाय खाली टेकला की गळ्यात हार अन् हातात लाल सरबताचा गिलास.

नर्मदाबाई : ते तुमी कुंडीत ओतलं.

दिनकरराव : तू आत हायस ना?

नर्मदाबाई : मी आत हाय, कान कुठं आत हायत? मास्तर, ह्यांना वाटलं औषध हाय. मला म्हणले, पिऊ नकोस, फवारणीचं औषध पाण्यात कालवलं की असंच दिसतंय. मी पिले. आंबट-गोड लागलं. कोकम का काय म्हणतेत ते. मग ह्यांचा बी मीच पिले असते, पर तवर कुंडीला पाजलं ह्यांनी.

बन्सीधर : मावशी, तुम्ही बाहेरच येऊन बसा ना. तुम्हीही पर्यटक आहात.

नर्मदाबाई : मी? न्हाई बाबा. मी आपली ह्यांच्यासंगं गेलते.

बन्सीधर : आमच्या शास्त्राप्रमाणं तुम्ही दोघं दोन स्वतंत्र पर्यटक.

नर्मदाबाई : आवं, ऐकलं का? मी सवतंतर हाय म्हणं.

दिनकरराव : हे लिहून घेईस्तोवर र्‍हा. ये, बस.

नर्मदाबाई : बसले. काय ते पाच उत्तरं म्हणलाव मघाशी? मधलं काय व्हतं?

बन्सीधर : सांगता येत नाही.

नर्मदाबाई : असं बी सांगता येतंय? मग आमी जन्मभर उगंच कायतरी सांगत बसलो.

बन्सीधर : प्रश्न दुसरा. खोली, स्वच्छता आणि शांतता.

दिनकरराव : खोली एकदम ऐसपैस. खिडकी उघडली की समोर समुद्र. पुढचा.

नर्मदाबाई : पुढचा कसा? शांततेचं सांगा की. मास्तर, पयल्या रात्री ह्यांना झोप न्हाई. कूस बदलायलेत, उठायलेत, बसायलेत. उजाडता उजाडता धोतर सावरलं अन् गेले ऑफिसात. मॅनेजर बिचारा गळपट्टा गुंडाळून आला. हे त्याला म्हणले, कोणाची मोटर रातभर चालू राहिलीय, बंद करा आधी, पाणी वाया जायलंय.

बन्सीधर : कसली मोटर?

नर्मदाबाई : समुद्र.

दिनकरराव : हसू नका, मास्तर. आवाज हुबेहूब तसाच हाय. आमच्याकडं लाईट येती रात्रीची. झोपंत बी आमचा एक कान हिरीवर असतो. पाणी चालू हाय का, पाट फुटला का. तिथं जाऊन कान काय बदलायचा?

नर्मदाबाई : मॅनेजर लय भला. हसला न्हाई. म्हणला, काका, ती बंद करायचं बटन आमच्याकडं न्हाई.

बन्सीधर : मग शांततेबाबत काका, असमाधानी लिहू?

दिनकरराव : बिलकुल न्हाई. अतिशय समाधानी. पर तुमी त्या हौदाचं लिहा. समोर एवढं पाणी पडलेलं, नजर पोचंना. अन् ह्या लोकांनी आवारात हौद बांधून त्यात टँकरनं पाणी आणून टाकलेलं, माणसांना पोहायला. मी मॅनेजरला म्हणलं, कामून, समुद्र नापास झालाय का?

बन्सीधर : म्हणजे ही तक्रारच झाली.

दिनकरराव : तक्रार न्हाई, नवल वाटलं. तुमच्या पाचात नवल कुठं बसतंय?

बन्सीधर : नवलाला जागा नाही.

नर्मदाबाई : मग काय कामाचं तुमचं शास्तर? माणूस जातं कशाला एवढ्या लांब?

बन्सीधर : ते... सरांना विचारतो. प्रश्न तिसरा, भोजन.

दिनकरराव : बढिया.

नर्मदाबाई : पयल्याच ताटात ह्यांच्यापुढं अख्खा मासा आला. घरी मटणाचा रस्सा वाटीनं पितेत हे, पर त्या माशाचे डोळे उघडे व्हते. म्हणले, हा माझ्याकडंच बघायलाय. रुमाल टाकून झाकलं त्याला. मग खोलीत येऊन माझ्या दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी खाल्ली, ती बी खिडकीकडं पाठ करून.

दिनकरराव : मास्तर, तुमीच सांगा, मासा डोळे मिटवून देता येत न्हाई का त्यांना? तुमी खाल्ला असंल की. एवढा समुद्राचा अभ्यास. कितीदा गेलाव समुद्रावर?

बन्सीधर : कितीदा म्हणजे... तसं...

दिनकरराव : दोनदा? तीनदा?

बन्सीधर : पुस्तकातून बराच पाहिलाय.

दिनकरराव : अगं, ऐक ऐक! हे समुद्राचे डॉक्टर व्हायलेत अन् ह्यांनी समुद्रच पाहिला न्हाई!

बन्सीधर : काका, हळू बोला हो! आबासाहेब ऐकतील.

नर्मदाबाई : हसू नका ओ लेकराला. आपून तरी कुठं बघितला व्हता?

बन्सीधर : मला त्याचीच धास्ती आहे, मावशी. तोंडी परीक्षेला मुंबईचे परीक्षक येणार. त्यांनी नुसतं विचारलं, बाबा, समुद्र कसा असतो, तर मी काय सांगू? खरंच, कसा असतो?

नर्मदाबाई : कसा म्हणू आता... कार्तिकात जवारी डोक्याला लागती. वारं सुटलं की समदं रान एका अंगानं लवत जातंय, अन् मागून दुसरं लवण येतंय. पाहिलंय ना? तसा हाय. पर रानाला बांध असतोय. तिकडं बांधच न्हाई. तुमी बघतच र्‍हा. नजर कुठं टेकतच न्हाई. अन् कोणी म्हणत न्हाई, झालं का बघून, ऊठ आता.

बन्सीधर : थांबा, थांबा. लिहून घेतो. बांध नाही... नजर टेकत नाही...

दिनकरराव : मी मघापासून बोंबलायलो ते न्हाई लिहिलं. हिचं लिहायलाय.

बन्सीधर : आता शेवटचा प्रश्न. दोघांनाही. संधी मिळाली तर आपण पुन्हा त्याच पर्यटनस्थळी जाल का?

दिनकरराव : सांगता येत न्हाई.

बन्सीधर : काका, एवढं सगळं अतिशय समाधानी, आणि इथंच सांगता येत नाही?

दिनकरराव : मधलं हाय ना तुमच्यात? मग तेच लिहा.

नर्मदाबाई : मला इचाराल तर मी आत्ता पायात घालून निघते. पर आता कुठलं जाणं? कंपनीनं सहलच बंद केली.

बन्सीधर : बंद? बंद कुठं केली? सुग्रीवराव तर म्हणाले, संक्रांत झाली की बस निघणार. आणि यंदाही कापसात झरीचे दिनकररावच पहिले. फक्त त्यांनी स्वतःचं नाव काढून तिथं आबासाहेबांचं घालायला लावलं. सुग्रीवरावांनाच नवल वाटलं... काका, तुम्ही मला खुणा कशाच्या करताय?

नर्मदाबाई : काय म्हणलाव तुमी? यंदा बी पयले?

बन्सीधर : तुम्हाला माहीत नव्हतं?

नर्मदाबाई : मला सांगितलं, कंपनी डबघाईला आली, सहल बंद झाली. मी म्हणलं, बरं, आपल्या नशिबात एकदाच व्हतं, एकदा तरी व्हतं. अन् हे...

दिनकरराव : अगं, त्याचं असं हाय... मास्तर, चहा घेणार ना?

नर्मदाबाई : चहा न्हाई.

बन्सीधर : नसला तरी चालेल मला.

दिनकरराव : दूध नासलं का?

नर्मदाबाई : दूध चांगलं हाय. चहा न्हाई.

दिनकरराव : बरं.

नर्मदाबाई : म्हणून आबासाहेब नवं धोतर झटकायलाय व्हय! अन् मी येड्यावानी काल त्याच्या बायकोला, कमलबाईला विचारलं, तुमच्यात लगीन हाय का गं, मालक नवं कापड घेऊन आले? ती रडायलाच लागली. मला कळंना कामून रडायली. आता सांगा, कामून दिलं आपलं जाणं त्याला?

दिनकरराव : माझे गुडघे दुखायलेत.

नर्मदाबाई : परवा लिंबावर चढून शेळ्यांसाठी डहाळे तोडले.

दिनकरराव : वेचणी हाय.

नर्मदाबाई : झाली. कापूस माळवदापर्यंत लागलाय, घरात झोपायला जागा न्हाई.

दिनकरराव : तिथल्या खाण्यानं माझं पोट बिघडतंय.

नर्मदाबाई : खाल्लं कव्हा तुमी तिथलं?

दिनकरराव : तो मॅनेजर मला पसंत न्हाई.

नर्मदाबाई : त्या गरिबानं काय केलं तुमचं?

बन्सीधर : काका, मधे बोलतो, माफ करा. म्हणजे व्यवस्थापनाबाबत तुम्ही असमाधानी आहात?

दिनकरराव : हाय! असमाधानी हाय!

बन्सीधर : अतिशय?

दिनकरराव : अतिशय! लिहा! मोठ्या अक्षरात लिहा! ऐकू दे त्या आबासाहेबाला! हे कसलं व्यवस्थापन? बाथरूमीत पाटी, पाय घसरेल जपून चाला. जिन्याला कठडा. हौदाजवळ शिट्टी घेऊन माणूस बसवलेला. अन् समोर एवढा मोठा समुद्र मोकाट सोडलेला! तिथं ना दोर, ना कठडा, ना माणूस. बाईमाणूस चालत चालत सरळ आत जातंय, कोणी म्हणत न्हाई, बाई, कुठं चाललीस? आत गेलं माणूस तर गेलं! मग काय हार घालायलाव अन् सरबत पाजायलाव?

नर्मदाबाई : कोण गेलतं आत?

दिनकरराव : कोणी बी. मी आपलं बोलायलो.

बन्सीधर : सुग्रीवराव तेच सांगत होते. काकांनी मॅनेजरची कॉलर धरली आणि म्हणाले, समुद्राला कठडा घाला. तर तो बिचारा म्हणाला, किती लांब घालू?

नर्मदाबाई : थांबा मास्तर. हे कव्हा झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी?

बन्सीधर : हो, तुमच्या त्या प्रसंगानंतर.

नर्मदाबाई : माझा कसला परसंग? मी अन् ताडकळसची कस्तुराबाई पाण्यात गेलतो. ती बी सहलीत व्हती. हातात हात धरून उभ्या राहिलो. पायाखालची वाळू सरकायली, गुदगुल्या व्हायल्या. म्हणलं, चल अजून थोडं. तेवढ्यात एक लाट आली ती डोक्यावरून. कस्तुराबाईचा हात सुटला. वर कुठं, खाली कुठं, काय कळंना. नाकातोंडात खारं पाणी. अन् मग त्या लाटंनंच आणून ठेवलं मला वाळूवर. न्हाऊ घालून पाटावर ठेवावं लेकराला, तसं. असं हसू आलं मला, मास्तर, असं हसू आलं! माहेरी असताना हसले असंन तेवढं. केस मोकळे, लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, अन् आमी दोघी बसलोय हसत. मी वळून बघितलं तर हे कुठं न्हाईत. ऑफिसातून ह्यांचा आवाज ऐकू यायला.

बन्सीधर : आणि मग?

नर्मदाबाई : मग काय. परभणीचं स्टँड येईस्तोवर माझ्याशी एक शबुद बोलले न्हाईत. बशीत शेजारी बसून खिडकीतून बाहेर बघायले. मला वाटलं, लाज वाटली ह्यांना माझी. चारचौघांत बायकोनं असं ओलंचिंब बसून हसावं, हे काय बरं दिसतंय का. मी बी मग इचारलं न्हाई. वरीस झालं, ह्या घरात आमी समुद्राचं नाव काढलं न्हाई. आज तुमी आलाव म्हणून तोंडातून निघालं.

बन्सीधर : पण मावशी, काका तर तिथंच होते, काठावर.

दिनकरराव : मास्तर, तुमची साडेपाचची एसटी हाय ना?

बन्सीधर : सुग्रीवरावांनी मला सगळं सांगितलंय. तुमच्या डोक्यावरून पाणी गेलं, तुम्ही दिसेनाशा झालात, आणि काका होते तिथं मटकन खाली बसले. ओरडायला गेले तर तोंडातून आवाजच फुटेना. सुग्रीवरावांनी अन् आणखी एकानं काखेत हात घालून उभं केलं. तोवर तुम्ही बाहेर आला होता, हसत होता. तुम्हाला पाहिलं अन् काका जे उठले ते तडक मॅनेजरकडं. वाटेत रडत होते म्हणे.

दिनकरराव : सुग्रीवला काय कळतंय? वाळू गेलती डोळ्यात.

नर्मदाबाई : दोन्ही?

दिनकरराव : वारं सुटलं व्हतं. वारं काय एकच डोळा बघून येतंय का?

नर्मदाबाई : अन् मला कामून न्हाई बोललाव?

दिनकरराव : काय बोलायचं? इथं माझा जीव गेला, अन् तू तिथं बसून हसायलीस. त्यात बोलायचं काय?

(नर्मदाबाई उठून आत जाते. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज.)

दिनकरराव : मास्तर, चहा होणार वाटतं.

बन्सीधर : काका, माझं चुकलं का? मला वाटलं, मावशींना ठाऊक असेल.

दिनकरराव : आता झालं ते झालं. पर तुमी शिकलेले, तुमाला सांगतो. आमी हिरीतली माणसं. कोणी पडलं हिरीत, तर दोर सोडता येतो, बाज सोडता येती, उडी टाकता येती. मी दोघांना काढलंय. एक तर आबासाहेबच, पोरपणी. पर हिरीला तळ हाय, काठ हाय, माणूस कुठं असंल ते कळतंय. तिथं मी बघायलो, पाणीच पाणी, अन् समदं सारखंच. उडी टाकू तर कुठं टाकू?

बन्सीधर : हे मी कुठं लिहू, मला कळत नाही.

दिनकरराव : लिहू नका. नुस्तं ऐका.

नर्मदाबाई : घ्या चहा. साखर जादा पडली. मास्तर, त्या सुग्रीवला सांगायचं तर अजून सांगता येईल का? का नावं पक्की झाली?

बन्सीधर : अजून कच्चीच आहेत म्हणाले. मी उद्या परभणीत आहे, तुम्ही म्हणत असाल तर निरोप देतो.

दिनकरराव : अगं, पर आबासाहेबाला मी शब्द दिलाय. त्यानं धोतर घेतलं. आता मी कोणत्या तोंडानं जाऊ?

नर्मदाबाई : तुमी जाऊच नका. मी जाते कमलबाईकडं. ती रडायली कामून, आत्ता लागलं माझ्या ध्यानात. तिला बस लागती. परभणीपर्यंत गेली तरी लिंबू चोखत जाती, अन् तिला रातभर बशीत बसून कोकणात जायचंय! तिच्या डोक्यावरचं मी उतरवलं तर ती माझी ओटी भरंल.

दिनकरराव : अन् आबासाहेब?

नर्मदाबाई : त्याला कमलबाई बघंल. अन् तुमी जाऊन त्याच्या ओट्यावर बसा घडीभर, पान खा. ज्याला हिरीतून काढलं त्याच्याशी टॉवेलावरून काय वैर करायलाव?

दिनकरराव : टॉवेल चांगला व्हता पर. मऊ.

बन्सीधर : मग काका, माझ्या संशोधनाचं काय करू? शेवटी समाधानी की असमाधानी?

दिनकरराव : असमाधानी. अतिशय. एकदा म्हणलं ते म्हणलं.

बन्सीधर : आणि मावशी?

नर्मदाबाई : अतिशय समाधानी. सरबतापासून लाटंपर्यंत.

बन्सीधर : खोली तीच, मॅनेजर तोच, समुद्र तोच. सर खूश होतील. नाहीतर मलाच हाकलून देतील. नवलासाठी मात्र मी एक जागा करतोच आता, सहावी.

दिनकरराव : करा. अन् एसटी गाठा, शेवटची बी चुकंल.

बन्सीधर : निघतो. येतो मावशी. चहा छान होता.

नर्मदाबाई : सावकाश जा. परीक्षेच्या आधी एकदा डोळ्यानं बघून या बाबा. अन् सुग्रीवला निरोप द्या, इसरू नका. झरीचे दोघं येणार म्हणावं.

दिनकरराव : गेलं पोरगं. भोळं हाय.

नर्मदाबाई : बरं झालं भोळं हाय.

दिनकरराव : किती आत जाशील?

नर्मदाबाई : घोट्याइतकं.

दिनकरराव : घोटा म्हणजे घोटाच ना?

नर्मदाबाई : पाणी काय मापून येतंय? येईल कव्हा पोटरीला, कव्हा गुडघ्याला.

दिनकरराव : गुडघ्याच्या वर न्हाई.

नर्मदाबाई : बरं.

दिनकरराव : अन् गेलं वर तर?

नर्मदाबाई : हाक मारा. मी येते माघारी.

दिनकरराव : अन् हाकच न्हाई फुटली तर?

नर्मदाबाई : तर मग आधीच संगं या. हात धरून उभं राहू. गुडघ्याइतकंच.

दिनकरराव : मी? आत?

नर्मदाबाई : मी धरते की घट्ट.

दिनकरराव : अन् चपला कुठं ठेवायच्या?